दार मोजणारे सर

मागच्या आठवड्यात, गुरुपौर्णिमेला, आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरांचा एक जुना फोटो आला. पांढरा शर्ट, खाकी पँट, पायांत कॅनव्हासचे बूट आणि हातात पोलादी मोजपट्टी. खाली विभागप्रमुख मॅडमनी लिहिलं होतं, "आपल्या सगळ्यांचे लाडके सर. यांच्याकडून आपण किती शिकलो!" त्याखाली भराभर जोडलेले हात आले, लाल बदाम आले, एकाने तर डोळ्यांतून पाणी गाळणारी चित्रं टाकली.

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "मॅडम, यांना तुम्ही काढून टाकलंत." पाठवायच्या आधी पुसून टाकलं, कारण त्याच्यापुढचं वाक्य माझ्याबद्दल लिहावं लागलं असतं. ते वाक्य इथे लिहिते आहे, आणि त्याच्या आधीचं सगळंही.

सर कोणाचेच लाडके नव्हते, हे आधी सांगते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एक खाजगी विद्यापीठ आहे, तिथे आम्ही क्रीडा व्यवस्थापन शिकत होतो. सर आम्हाला मैदानं आणि स्पर्धा यांची व्यवस्था शिकवायचे. कंत्राटावर होते. आयुष्यभर फुटबॉलचे पंच म्हणून फिरलेले आणि कसल्याशा सरकारी मैदानाची देखभाल करून निवृत्त झालेले. पेडण्यातल्या केरीहून दोन बस बदलून यायचे आणि तरी आमच्या आधी वर्गात असायचे. आमचे बाकीचे प्राध्यापक इंग्रजीतून 'ब्रँड' आणि 'फॅन एंगेजमेंट' शिकवत. सर मराठीत शिकवत, आणि राग आला की मराठी सोडून पेडण्याच्या बोलीत शिरत. म्हणजे तासातला अर्धा वेळ बोलीच चाले.

ती मोजपट्टी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम असे. नव्या खोलीत पाऊल टाकलं की आधी दार मोजायचे. मग खिडकी, त्यांच्या भाषेत जनेल, उघडते का ते बघायचे. मग दाराजवळची कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून तिथेच बसायचे. परीक्षा असो, बैठक असो, पाहुण्यांचं व्याख्यान असो, त्यांची जागा दाराजवळ. कँटीनमध्ये त्यांनी एकदाही पाऊल टाकलं नाही, कारण तिथल्या मागच्या दाराला आईस्क्रीमचा फ्रीज टेकवून ठेवला होता. फ्रीज हलवा म्हणून त्यांनी तीन अर्ज दिले. फ्रीज हलला नाही, म्हणून सरही आत गेले नाहीत. पावसात छत्री धरून, उन्हात रुमाल डोक्याला बांधून ते बाहेर फणसाखाली उभ्याने चहा प्यायचे. आम्ही आतून बघायचो आणि हसायचो.

"सर, तुमच्या बाबतीत कधी काही घडलंय का?" असं आमच्यातल्या एकाने त्यांना विचारलं होतं. आमची खात्री होती की कुठल्यातरी सामन्यात माणसं चिरडली असणार, कुठलातरी स्टँड कोसळला असणार, आणि सरांच्या डोळ्यांसमोर कोणीतरी गेलं असणार. त्याशिवाय माणूस असा कशाला होईल?

सर त्याच्यावर असे ओरडले की बाजूच्या वर्गातला तास थांबला. "कायतरी घडल्याबगर माणसान दार उघडां ठेवूचां नाय काय रे? कोण तरी मरूकच होयो?"

त्याने पुन्हा विचारलं नाही. आम्हीही नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमची जिरवली होती. आम्ही नवे बूट, टाय, मुली कडक इस्त्रीच्या शर्टात, असे नटून बसलो होतो. सरांनी विचारलं, "स्पोर्ट्स इंडस्ट्रीत कोणाकोणाला जायचं आहे?" सगळे हात वर. एकाला खेळाडूंचा एजंट व्हायचं होतं, एकीला आयपीएलच्या संघात काम करायचं होतं. मी म्हटलं, "इव्हेंट्स, सर. इंटरनॅशनल."

"हात खाली घाला आणि चला," असं म्हणून सर निघाले. आम्ही त्यांच्यामागून विद्यापीठाच्या मैदानावर, आणि तिथून पॅव्हेलियनच्या मागे मुलींच्या शौचालयापाशी. त्यांनी दार ढकललं. आत मोडके हर्डल्स होते, फाटक्या जाळ्या होत्या, आणि वर 'खेळातून स्त्रीशक्ती' असं लिहिलेले फलक गुंडाळून रचले होते.

"उद्या इथे शंभर मुली खेळायला आल्या, तर त्या जाणार कुठे?"

एक मुलगा म्हणाला, "सर, ते फॅसिलिटी टीम बघेल."

"फॅसिलिटी टीम म्हणजे कोण? तूच रे!" सरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "काढा सगळां भायर."

आम्ही दोन तास ते शौचालय रिकामं केलं आणि धुतलं. सर आमच्याबरोबर धूत होते, पण त्याने माझा राग कमी झाला नाही. संध्याकाळी कारापूरला घरी पोचले तेव्हा आईने शर्टाचे हाल बघून विचारलं, "शिकूक गेल्लंय काय झाडू मारूक?" मी जेवले नाही. माझे बाबा खनिजाच्या ट्रकवर होते. खाणी बंद पडल्या तसा ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्या टायरांना गवत आलं. तो ट्रक विकला आणि मी त्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, या दोन गोष्टींमध्ये आठ दिवसांचंही अंतर नव्हतं. मी शौचालयं धुवायला गेले नव्हते.

आणि सर वाईट बोलत. हे मी आज त्यांच्या बाजूने लिहिताना लपवणार नाही. दुसऱ्या सत्रात मी एका फुटबॉल स्पर्धेचा आराखडा सादर केला. रंगीत, चाळीस पानी, प्रायोजकांपासून समारोपाच्या गाण्यापर्यंत सगळं त्यात होतं. मॅडम मागे बसून मान डोलवत होत्या. सरांनी एकच विचारलं.

"रुग्णवाहिका कुठून आत येणार?"

"दोन नंबरच्या फाटकातून, सर."

"फाटक किती रुंद आहे?"

"पुरेसं आहे."

"पुरेसां म्हंजे किती? वीतभर? हातभर? मोजलंय?"

"नाही, सर."

"मग ही चाळीस पानां खंयच्यान आणलंय? तुझां हसणां बरां आसा गो. खंयतरी रिसेप्शनार जावन बस."

वर्ग हसला. सरांनी शून्य गुण दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोजपट्टी घेऊन त्या मैदानावर गेले, ती त्यांना खोटं पाडायलाच. दोन नंबरच्या फाटकाच्या मध्येच विजेच्या खांबाची ताण दिलेली तार जमिनीत रोवलेली होती. सायकल गेली असती, गाडी गेली नसती. भर उन्हात त्या तारेजवळ उभी राहून मी रडले. चुकीच्या माणसाने अपमान केला तर निदान त्याला शिव्या घालता येतात. हा माणूस बरोबर होता, आणि त्याचा मला जास्त संताप आला. परत आल्यावर मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि रिसेप्शनचं वाक्य त्यांना रडत रडत सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला तेव्हा ते फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी विभागाने आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा भरवली. सगळी व्यवस्था आम्हा विद्यार्थ्यांची आणि सुरक्षेची जबाबदारी सरांची, असं कागदावर ठरलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी आम्ही मैदानावर आलो तर मंडपवाल्याने व्यासपीठ थेट मोठ्या फाटकासमोर बांधलेलं. मॅडमनीच सांगितलं होतं. तिथून पाठीमागे डोंगर दिसतो, फोटो चांगले येतात.

सर नऊ वाजता आले. त्यांनी व्यासपीठ बघितलं आणि मंडपवाल्याला एवढंच म्हणाले, "हलवा."

"सर, अर्धो तास तरी लागतलो."

"लागू दी."

मॅडम धावत आल्या. "सर, आज नको. प्रमुख पाहुणे रस्त्यात आहेत. एका दिवसाचा प्रश्न आहे."

सर वाद घालतील, ओरडतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. ते खेळाडूंच्या तंबूत गेले, चेंडूंची जाळीदार पिशवी उचलली आणि ती फाटकात ठेवून तिच्यावर बसले. सगळे चेंडू त्या पिशवीत. आता खेळणार कशाने?

पाहुणे आले. गाडीतून उतरले, आणि समोर हा खाकी पँटीतला म्हातारा चेंडूंवर बसलेला. सर उठले नाहीत. बसल्याबसल्या हात जोडले. "नमस्कार. तुमी सावळेत बसा. व्यासपीठ हालता, मागीर खेळ." पाहुणे हसले. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने फोटो काढला. मॅडमचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि नजर फिरवली.

व्यासपीठ हललं. पाऊण तास उशिरा स्पर्धा सुरू झाली, संध्याकाळी संपली. एका मुलाचा घोटा मुरगळला, त्याला बर्फ लावला, तेवढंच. फाटक दिवसभर मोकळं राहिलं आणि त्यातून कोणालाही न्यावं लागलं नाही. तेच सरांच्या अंगाशी आलं. कोणाला काहीच झालं नाही, मग तमाशा कशासाठी केला, असं जो तो विचारू लागला. दुर्घटना टाळणाऱ्या माणसाकडे दाखवायला काही नसतं.

सोमवारी मॅडमनी आम्हा अकरा जणांना केबिनमध्ये बोलावलं. मेजावर बिस्किटं होती. एक टाइप केलेलं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की सर अपमानास्पद भाषा वापरतात, मुलींना सगळ्यांसमोर कमी लेखतात, त्यांच्यामुळे विद्यार्थी मानसिक दडपणाखाली आहेत आणि विभागाची अब्रू गेली आहे. माझं रिसेप्शनचं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं.

"वाचून बघा," मॅडम म्हणाल्या. "खोटं काही नाही ना?"

खोटं काही नव्हतं. पत्राशेजारी एक निळी फाइल उघडी होती. तिच्यात आमच्या इंटर्नशिपची शिफारसपत्रं होती. वरच्या पत्रावर माझं नाव दिसत होतं. मॅडमनी त्या फाइलकडे बोटसुद्धा दाखवलं नाही.

तिसरी सही माझी.

नीलम नावाची साखळी गावची एक मुलगी होती आमच्यात. तिच्याही अंगावर सर दहा वेळा ओरडले होते. तिने पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं, परत ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्यो तक्रारी आमच्यो. पण पत्र तुमचां." मग उठून गेली. तिला कुठलीच इंटर्नशिप मिळाली नाही. आज ती एका शाळेत पीटी शिकवते. ग्रुपवरच्या त्या फोटोखाली तिने हात जोडले नाहीत, बदामही टाकला नाही.

सरांना पत्र दाखवण्यात आलं. त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी ते नेहमीसारखे वर्गात आले, आणि तास संपताना म्हणाले, "सोमवारपासून मी येणार नाही. गर्दीच्या जागी दार कोणत्या बाजूला उघडावं, आत की बाहेर, कोण सांगेल?" कोणी हात वर केला नाही. मला उत्तर येत होतं. सर स्वतःच म्हणाले, "बाहेर," आणि दाराबाहेर गेले.

मला इंटर्नशिप मिळाली, मग त्याच कंपनीत नोकरी. गळ्यात ओळखपत्र, कमरेला वॉकीटॉकी, त्यावर सारखं 'कॉपी, कॉपी'. ट्रक गेल्यावर बाबांनी टाकलेल्या छोट्या दुकानात त्यांनी माझा गणवेशातला फोटो लावला. मी ज्या इंडस्ट्रीत जायचं म्हणून हात वर केला होता, ती हीच होती. तिथे मी दोन वर्षांत एक गोष्ट पक्की शिकले. आक्षेप एकदाच घ्यायचा, तोही हळू आवाजात. म्हणजे पुढे काही झालं तर आपण सांगितलं होतं असं स्वतःला म्हणता येतं, आणि समोरच्याला राग येण्याइतकं ते ऐकूही जात नाही.

यंदा मार्चमध्ये पेडण्यातल्या एका किनाऱ्यावर आम्ही बीच व्हॉलीबॉलची स्पर्धा घेतली. व्यवस्थेवर मी होते, माझ्यावर मॅनेजर. वाळूतून वरच्या रस्त्याला जायला सुरूच्या बनातून एकच उतरण होती. रुग्णवाहिका खाली तंबूजवळ उभी, म्हणून उतरण मोकळी हवी, असं मी नकाशात लिहून दिलं होतं. आदल्या दिवशी प्रायोजकांची माणसं आली आणि त्यांनी लाकडी चौथरा घालून आपली नवी मोटार नेमकी त्या उतरणीच्या तोंडाशी चढवली. येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसायला हवी होती.

मी मॅनेजरला सांगितलं, "सर, रस्ता मोकळा हवा."

"गाडीच आहे ना ती? चाकं आहेत तिला. लागलं तर हलवू," तो म्हणाला.

मी मान डोलावली आणि पाण्याच्या बाटल्या मोजायला गेले. एवढंच घडलं. तेवढ्याला दहा सेकंदही लागले नसतील.

थेट प्रक्षेपणासाठी उपांत्य सामना दुपारी एक वाजता ठेवला होता. वाळूवर पाय ठरत नव्हता. दुसऱ्या सेटमध्ये सिंधुदुर्गातल्या संघाची एक मुलगी, सानिका तिचं नाव, सर्व्हिस करायला वळली आणि उभीच्या उभी कोसळली. अंग तापलेलं, घाम नाही, डोळे फिरलेले. आम्ही तिला रुग्णवाहिकेत घातलं. रुग्णवाहिका पन्नास पावलं गेली आणि मोटारीसमोर थांबली. मोटारीची किल्ली प्रायोजकांच्या माणसाकडे, तो वर एका शॅकमध्ये जेवायला गेलेला, त्याचा फोन आमच्याच तंबूत चार्जिंगला. आम्ही आठ जणांनी गाडी ढकलली. चाकांना लाकडी पाचरी ठोकलेल्या. ती जागची हलली नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा सारखा वाजत होता आणि सुरूच्या बनात लोक फोन वर धरून ते चित्रित करत होते.

शेवटी बक्षिसांचं मेज आणलं, वरचे करंडक वाळूत ढकलले, आणि तिला मेजावर घालून आम्ही बाजूच्या झाडीतून खांद्यावर वर नेलं. रस्त्यावर मासळीचा टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्याने आम्हाला काही विचारलं नाही. मासळीचे खोके उतरवले, तिला आत घेतलं, आणि सगळा बर्फ तिच्या अंगावर, मानेखाली, काखेत रचला. त्या बर्फामुळेच ती वाचली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. आमची सगळी व्यवस्था, आणि तिला वाचवलं बांगड्यांच्या बर्फाने.

ती वाचली, पण तिची मूत्रपिंडं बिघडली. महिना इस्पितळात होती. चालते, बोलते, परीक्षेलाही बसणार आहे. खेळणार नाही.

आठव्या दिवशी कंपनीचा अहवाल माझ्यापुढे आला. "खेळाडूस तत्परतेने वैद्यकीय मदत देण्यात आली." खाली माझी सही हवी होती. मी दोन दिवस मागून घेतले, आणि स्कूटर काढून केरीला गेले.

सर अंगणात काजूबिया वाळत घालत होते. तीन वर्षांत वाळले होते, आवाज तोच होता. मला बघून म्हणाले, "रिसेप्शन सोडलंय?" मी फाटकातच थांबले. आतून त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भिया नाका गो बाय. हेंचो आवाजच तसो."

मी सगळं सांगितलं. मोटार, किल्ली, मेज, बर्फ. मग, ज्यासाठी आले होते ते बोलायला गेले. "सर, त्या पत्रावर मी..."

"माका म्हायत आसा. तिसरी सही. त्या पत्रात खोटां काय नासलां. मी तोंडाळ आसय, आसय तो आसय. माफी बीफी हय नाका. ती पोर खंय आसा, तिच्या बापायक भेटलंय?"

"नाही."

"मग माझ्याकडे कित्याक आयलंय?" ते खरोखर ओरडले. कुंपणापलीकडून कोणीतरी डोकावलं. "हय येवन रडूक बरां दिसता. थंय जावक भंय दिसता!"

मला राग आला. इतका की मी पिशवीतून माझा कागद काढून जवळजवळ त्यांच्या अंगावर टाकला. रात्रभर जागून नव्हे, कामाच्या वेळेत ऑफिसात बसून मी माझा स्वतःचा जबाब लिहिला होता, दोन पानी. सरांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि दारातल्या कदेलीवर बसून वाचायला लागले.

"'मोटार उतरणीवर उभी करण्यात आली होती.' कोणी केली?"

"प्रायोजकांच्या लोकांनी."

"तसं लिही. कोणी करू दिली?"

"मॅनेजरनी."

"आणखी?"

मी पिशवीत पेन शोधायला लागले.

"आणखी कोण होतां थंय?"

"मी."

"मग लिही. 'सामना दुपारी ठेवण्यात आला.' कोणी ठेवलो? देवान? 'धोक्याची कल्पना देण्यात आली होती.' कोणी दिली, कितीदा दिली, तो काय म्हणालो, तू मागीर काय केलंय?" त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "हय सगळां आपसूक घडलां असां लिवलंय. कायच आपसूक घडना. प्रत्येक वाक्यात माणूस घाल."

मी तिथेच ओट्यावर बसून पुन्हा लिहिलं. त्यांनी ते परत केलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत. चौथ्यांदा त्यांनी वाचलं, कागदाची घडी घातली आणि मला दिली. बरं झालंय असं काही म्हणाले नाहीत. काजूबियांकडे गेले आणि उलटसुलट करायला लागले. पत्नींनी पाव आणि चहा आणून ठेवला, तो मी एकटीने खाल्ला.

कंपनीच्या अहवालावर मी सही केली नाही. माझा जबाब दिला, आणि त्याच संध्याकाळी ओळखपत्र परत घेतलं गेलं. मॅनेजर अजून तिथेच आहे. मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या विभागात त्याचं व्याख्यान झालं. विषय होता, स्पर्धा आणि सुरक्षितता. त्याच आठवड्यात मॅडमनी सरांचा तो फोटो टाकला. हे असं दोन्ही एकाच हाताने करता येतं, याचा मला संताप येतो, आणि तो शमवायची मला काही घाई नाही.

केरीहून मी घरी गेले नव्हते. तशीच इस्पितळात गेले होते. सानिकाचे वडील वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते. खडीच्या डंपरवर ड्रायव्हर, हातावर डिझेलचे डाग. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली, आणि कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, एका ओळीवर बोट ठेवलं.

"हय 'मी' लिवलांसा. ह्यो 'मी' म्हंजे कोण? तुमी?"

"होय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारतील, आणि मारलं असतं तर मी तिथून हलले नसते. मग ते बाकावर थोडे सरकले.

"बसा," ते म्हणाले. "माझो चष्मो घराक रवलो. पयल्यापासून वाचून दाखवा. मोठ्यान वाचा, आत तिची आई आसा, तिकाय आयकूक येवंदे."

मी बसले आणि वाचायला लागले.